आठ आठवडे फक्त ससा

काट्यावर दोन किलो नऊशे असा आकडा आला, तेव्हा माग्नारने आधी काट्यावरच संशय घेतला. त्याचा जन्म काटे तपासण्यात गेला होता. त्रोन्हाइम शहरातल्या खाटकांचे, मासेवाल्यांचे, सोनारांचे, टपाल कचेऱ्यांचे काटे चौतीस वर्षं त्याने सरकारी पितळी वजनांनी तपासले होते आणि भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडला होता. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, तुस्साला एका हाताने उचलून छातीशी धरलं आणि जुडगा काट्यावर ठेवला. एकशे बारा ग्रॅम. जुडग्याचं वजन एकशे बाराच होतं, ते त्याला जन्मतारखेसारखं पाठ होतं. म्हणजे काटा खरा होता. छातीशी धरलेल्या मांजरीत हाडं, केस आणि थोडी ऊब सोडली तर फारसं काही उरलं नव्हतं. हाताला हे कितीतरी दिवसांपासून कळत होतं. आकडा दिसेपर्यंत त्याने ते मनावर घेतलं नव्हतं, इतकंच.

"पटलं का आता?" सुनिवा म्हणाली. जनावरांची ही डॉक्टरीण त्याच्या मुलीहूनही लहान होती, पण बोलायला रोखठोक. "माझ्या काट्याला बाद ठरवल्याची लाल पट्टी नका हं लावू."

"काटा चांगला आहे," तो म्हणाला.

"मांजरी नाहीये चांगली. मागच्या हिवाळ्याआधी चार होती ही."

"चार किलो शंभर."

"तेच ते." तिने स्टूल ओढून घेतलं. "हे बघा माग्नार, कोंबडी झाली, टर्की झाली, घोड्याचं मांस झालं. मासे तर आपण पहिल्याच वर्षी बंद केले. आता एकच उपाय उरलाय. जे हिने जन्मात खाल्लं नाही असं एक मांस, आठ आठवडे, आणि त्याशिवाय हिच्या तोंडात काडी जाता कामा नये. एल्क हरणाचं मांस खाल्लंय का हिने?"

"माझा मेहुणा, तोरुनचा भाऊ, शिकारीतला वाटा पाठवतो दर वर्षी. हिला तुकडा मिळतोच."

"मग ससा."

"आणि सशानेही नाही भागलं तर?"

सुनिवाने तुस्साच्या कानामागे बोट फिरवलं. तिचा रोखठोकपणा क्षणभर कुठे गेला कोण जाणे. "तर मग हिला असं झिजू देणं बरं नव्हे. एक सुई देऊ. हिला कळणारही नाही." मग ती पुन्हा कागदाकडे वळली. "घरात आणखी काय काय देता? सगळं सांगा. दूध? चीज? ताटातलं काही?"

"काही नाही."

"लाडाने एखादा घास?"

"काही म्हणजे काही नाही," तो म्हणाला. चौतीस वर्षांत त्याने एकाही कागदावर खोटी सही केली नव्हती, आणि आताही तो खरंच बोलत होता.

ट्राममध्ये त्याने पिंजरा मांडीवर घेतला. ऑक्टोबर अर्धा सरला होता, चार वाजताच नदीवरचा उजेड मावळायला लागला होता, आणि समोरच्या बाकावरची बाई पिंजऱ्याच्या जाळीतून "अगं माझी बाय ती" करत होती. माग्नारला वाटलं, हिला सांगावं की ही माझी नाही. तुस्सा तोरुनची. नऊ वर्षांपूर्वी गावाकडच्या एका गोठ्यातून तोरुनने तिला कोटाच्या खिशात घालून आणलं होतं, आणि माग्नार म्हणाला होता, सोफ्याची वाट लावेल ही. तोरुन म्हणाली होती, लावू दे की, सोफ्याला कुठे जीव आहे. तोरुनला जाऊन येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होणार होती. तिचे कपडे मुलगी घेऊन गेली, बर्फावर घसरायच्या पट्ट्या भावाने नेल्या, पुस्तकं चर्चच्या दुकानात गेली, आणि घर बघता बघता असं झालं की नव्या माणसाला वाटावं, इथे पहिल्यापासून एकटा पुरुषच राहतो. तुस्साला मात्र तसं वाटत नव्हतं. माग्नार बाहेरून आला की ती धावत दाराशी यायची आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या मागे बघायची. जिन्यात कोणी नसायचं. मग ती वळून आत जायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. सुरुवातीला त्याच्या काळजात चर्र व्हायचं, पण पुढे पुढे तो त्या क्षणाचीच वाट पाहू लागला. किल्ली फिरवतानाच त्याला बरं वाटायचं की आत कोणीतरी अजून आशा धरून आहे. हिला सुई दिली की तोरुनची वाट पाहणारं घरात कोणीच उरणार नव्हतं. तो स्वतः केव्हाच थकला होता.

सशाचं मांस त्याने तीन दुकानं पालथी घालून मिळवलं. साधं वाफवायचं, मीठ नाही, लोणी नाही, अडतीस ग्रॅमचे वाटे पाडून गोठवायचे. तुस्साची जुनी थाळी त्याने फेकून दिली, न जाणो तिच्या भेगांत कोंबडी असेल. काचेची नवी आणली. तिला बाहेर सोडणं बंद केलं. ती खिडकीत बसून अंगणातल्या पाखरांना शिव्या घालायची आणि तो तिला म्हणायचा, बाई ग, मला काय हौस आहे का. सकाळचा क्रम ठरलेला होता: उठायचं, पडदा सारायचा, खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर किती ते बघायचं, चमचाभर तेल घ्यायचं, कॉफी चढवायची, वाटा काढायचा, पुन्हा एकदा तोलायचा, ठेवायचा. मग खुर्चीवर बसून तिच्या खाण्याकडे बघायचं. आणि मग पुढचा तासभर, ते पोटात राहतंय की नाही याकडे. पहिल्या आठवड्यात दोनदा उलटी झाली. दुसऱ्यात चारदा. जुलाब तर होतेच. सुनिवा फोनवर म्हणाली, धीर धरा, आतडं सावरायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात तुस्सा खिडकीत चढायचीसुद्धा बंद झाली.

त्याला कळत नव्हतं ते हे की उन्हाळ्यात ही बरी कशी होते. दोन्ही उन्हाळे डोंगरातल्या त्यांच्या लाकडी खोपटात ती अशी सुधारली होती की विचारू नका. खायची, बाकावरून उड्या मारायची, गवतात लोळायची. सप्टेंबरात शहरात परत आले की महिनाभरात पुन्हा तेच. सुनिवाला त्याने सांगितलं होतं. ती म्हणाली, गवत असेल, उंदीर असतील, मोकळी हवा असेल. माग्नारला अंदाजाने बोलणाऱ्या लोकांचा मनस्वी तिटकारा. त्याने पाण्यावर संशय घेतला. नोव्हेंबरात एका रविवारी बर्फातून तीन तास गाडी हाकत तो खोपटावर गेला, विहिरीवरचा बर्फ कुदळीने फोडला आणि चार कॅन पाणी भरून आणलं. पाठ अशी धरली की दोन दिवस मोजे घालता येईनात. तुस्सा ते पाणी आवडीने प्यायली आणि मंगळवारी सतरंजीवर ओकली. त्या ओल्या डागावर गुडघे टेकून फडकं फिरवताना त्याला एकाएकी इतका थकवा आला की तो तसाच तिथे बसून राहिला. हे असं गुडघे टेकणं, हे फडकं, हा आंबूस वास. हे सगळं त्याने एकदा केलेलं होतं आणि त्याचा शेवट काय होतो ते त्याला माहीत होतं.

तोरुनच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी आधी कॉफी बंद केली. मग राय धान्याचा पाव. मग कळलं की कॉफीचा आणि पावाचा काही संबंध नाही, पोटात वाढतंय ते वेगळंच आहे, आणि कापून काढण्याची वेळ टळून गेली आहे. डॉक्टर म्हणाला, जे आवडेल ते खाऊ द्या. आवडेल ते! माग्नारने तेवढं वाक्य धरून ठेवलं. तो स्वयंपाकघरात शिरला तो चार महिने बाहेर आला नाही, असं म्हटलं तरी चालेल. फुलकोबीचं गाळून घेतलेलं सूप, माशाच्या मऊ वड्या, साय काढलेल्या दुधातली तांदळाची खीर, उकडलेल्या सफरचंदाचा गर. फ्रिजवर त्याने कागद लावला होता: काय, किती, किती वेळ टिकलं. खीर वीस मिनिटं. सूप पाऊण तास. एकदा वड्या दोन तास टिकल्या तेव्हा त्याने मुलीला फोन करून सांगितलं होतं. तोरुन उशांना टेकून बसायची, त्याच्या हातातल्या वाडग्याकडे बघायची आणि म्हणायची, "वा, काय छान वास येतोय." कधी नाही म्हणाली नाही. आणि तो मनात म्हणायचा, मला नेमकी वस्तू सापडत नाहीये, सापडली की झालं. प्रत्येक पोटाला चालेल असं काही ना काही या जगात असतंच, आपणच शोधायला कमी पडतो, असा त्याचा पक्का ग्रह होता. तो अजून गेला नव्हता.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी तो तळघरात कपडे धुवायला गेला होता. तासाभराने वर आला तर पायपुसण्यावर ओकारी, आणि तिला माशाचा वास. चुकायला जागा नव्हती. अर्धं आयुष्य मासळी बाजारातल्या काट्यांवर वाकण्यात घालवलेलं नाक होतं ते. आणि जिन्यातही त्याच वेळी तळलेल्या माशाचा वास भरून राहिला होता, कारण तळमजल्यावरची गुन्वोर दर शनिवारी मासा तळायची. तिच्याकडे त्यांच्या घराची किल्ली होती. माग्नारच्या डोक्यात सगळं पटापट जुळलं. हातातली कपड्यांची टोपली दारातच टाकून तो खाली गेला आणि तिने दार उघडायच्या आतच बोलायला लागला.

"गुन्वोर, तुम्ही माझ्या मांजरीला मासा घातलात."

गुन्वोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, शाळेच्या मुदपाकखान्यात जन्म काढलेली, खांद्याने रुंद. हातात झारा होता. "कोण, मी?"

"किल्ली तुमच्याकडेच असते."

"अहो, किल्ली अकरा वर्षं आहे माझ्याकडे. तोरुन अंथरुणात होती आणि तुम्ही सफरचंदं शोधत गावभर हिंडायचात, तेव्हा तिच्याजवळ बसायला मी याच किल्लीने वर यायचे. तेव्हा नाही ती खुपली तुम्हाला?"

"तो विषय वेगळा. मांजरी मरायला टेकलीये."

"मग मी मारली म्हणा की सरळ! मासा घालायला गेले म्हणे. इथे मी दोन घास एकटीने गिळते कशीबशी, तुमच्या मांजरीला कुठे वाढत बसू?" तिने दारामागच्या खुंटीवरून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर आपटली. "घ्या. झालं समाधान?"

तो वर आला. समाधान झालं नव्हतं. शरम वाटत होती, पण संशय शरमेहून मोठा होता. रात्री त्याने दाराला आतून साखळी लावली आणि स्वतःलाच हसला; शेजारच्या म्हातारीपासून मांजर राखायला साखळी!

दुसऱ्या दिवशी रविवार, नाताळाआधीच्या ॲडव्हेंटचा पहिला. सकाळी आठ वाजता घंटी वाजली. न कळवता कोणी कोणाच्या दारात उभं राहावं, असली त्या इमारतीची रीत नव्हती. त्यामुळे गुन्वोरला बघून तो नुसता उभाच राहिला. तिने चर्चला जायचा कोट घातला होता आणि बगलेत फडक्यात गुंडाळलेली लेफ्सेची चवड होती, तीच बटाट्याची मऊ पोळी जी ती दर नाताळात करून वाटायची.

"आत घेणार की इथेच उभी करणार?" ती म्हणाली. "मला झोप नाही लागली. मी बसते तुमच्या स्वयंपाकघरात, आणि तुम्ही हिला काय काय देता ते आजचा दिवस माझ्या डोळ्यांनी बघते. माझ्यावर आळ आलाय. तो घेऊन मी मरायची नाही."

"बसा," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ती भिंतीकडच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. त्या खुर्चीत तोरुन बसायची, पण हे गुन्वोरच्या ध्यानात नसावं. माग्नारने वाटा काढला, काट्यावर ठेवला, अडतीस ग्रॅम. तो दाखवायला काटा तिच्याकडे वळवलासुद्धा. "वाचता येतं मला," ती म्हणाली. पाणी विहिरीचं, तेही त्याने सांगितलं. थाळी नवी, तेही. गुन्वोर मान हलवत राहिली. त्याला बोलायला बरं वाटत होतं. किती दिवसांत सकाळी त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. बोलता बोलता त्याने फ्रिज उघडला, दारातली बाटली काढली, चमचा भरून तोंडात रिकामा केला, पुन्हा अर्धा भरला आणि खाली वाकला. तुस्सा पुढचे दोन पाय त्याच्या गुडघ्यावर टेकवून तयारच होती. तिने चमचा चाटून लख्ख केला. त्याने अंगठ्याने तिची हनुवटी पुसली, चमचा विसळला आणि म्हणाला, "कॉफीत दूध घालू ना तुमच्या?"

गुन्वोरने हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "हे काय होतं?"

"कुठलं?"

"आत्ता चमच्यातून दिलंत ते."

"ते होय? ते तेल."

"कसलं तेल?"

"कसलं म्हणजे? कॉडलिव्हरचं. तुम्ही नाही घेत?"

"मी घेते," गुन्वोर हळूच म्हणाली. "सप्टेंबर लागला की घेते, एप्रिल संपला की बाटली ठेवून देते, माझ्या आईने लावलं तसं. पण माग्नार, कॉड हा मासाच ना?"

त्याच्या हातात दुधाचा डबा होता. तो त्याने खाली ठेवला. ज्या माणसाने सोनाराच्या काट्यातली पाव गुंजेची खोट पकडली होती, त्याला दोन हिवाळे, रोज सकाळी, स्वतःच्या हाताने चालवलेला चमचा दिसला नव्हता. पण तो दिसणार तरी कसा? ते खाणं नव्हतंच कधी. लहानपणी शाळेत एका ओळीत उभं राहून, नाक दाबून, सगळ्यांनी एकाच मोठ्या चमच्याने घेतलेलं. बाप बोटीवर जाताना शेवटचं सांगून जायचा ते. उजेड नसलेल्या महिन्यांत माणसाने उभं राहावं म्हणून ते असतं. तोंड धुण्याला कोणी खाणं म्हणतं का? सुनिवाने विचारलं, आणखी काही देता का, तेव्हा ते त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मे महिना लागला की बाटली बंद. म्हणूनच उन्हाळा. म्हणजे विहीर नाही, गवत नाही, हवा नाही. तो खुर्चीत बसला आणि तुस्सा, तोंडाला अजून चव असल्यामुळे, त्याच्या बुटाला अंग घासत राहिली.

"मी मारत होतो तिला," तो म्हणाला.

"असं अभद्र नका बोलू. जिवंत आहे ती. आता बंद करा म्हणजे झालं." गुन्वोरने स्वतःच उठून कॉफी ओतली. तिच्या आवाजात कालचा राग नावालाही नव्हता. जिंकल्याचा आनंदही नव्हता. "पण मला वाटलं होतं, हे तोरुनबरोबरच संपलं असेल."

"सवय तिनेच लावली हिला. त्या शेवटच्या हिवाळ्यात. मी चमचा भरून द्यायचो, ती घ्यायची, उरलंसुरलं ही चाटायची."

गुन्वोरने कप खाली ठेवला. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, मग लेफ्सेच्या फडक्याची गाठ उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. माग्नारने काटे तपासताना अशी पुष्कळ माणसं पाहिली होती. खोट कुठे आहे ते माहीत असलेली माणसं हातांना काहीतरी काम देतात.

"काय?" तो म्हणाला. "बोला. काय आहे?"

"जाऊ दे ना आता."

"गुन्वोर."

"उरलंसुरलं नव्हतं ते," ती म्हणाली. "तिला त्याचा वाससुद्धा सहन होत नव्हता, माग्नार. पहिले काही आठवडे घेतलं तिने. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा चमचा मांडीवर सांडला आणि हिने चाटला. तेव्हापासून तुम्ही कॉफीकडे वळलात की अख्खा चमचा हिला. मला करून दाखवलं होतं तिने. दोघी हसलो होतो आम्ही, तोंडावर उशी धरून. मी म्हटलं, अगं, सांगून टाक की त्याला. तर म्हणाली, नको. त्याच्या हातात आता तेवढंच उरलंय."

गुन्वोर चर्चला गेली. जाताना तिने किल्ली मागितली नाही; त्यानेच कालची किल्ली तिच्या कोटाच्या खिशात टाकली. मग तो परत स्वयंपाकघरात येऊन बसला, आणि दिवस उजाडून दुपारी मावळेपर्यंत बसला. त्याला सगळं दिसत होतं. तो चमचा भरून तिच्या हातात देतो, वळतो, कॉफीचं भांडं उतरवतो, पुन्हा वळतो; चमचा लख्ख, तोरुनचे ओठ मिटलेले, मांडीवरची मांजरी मिशा चाटतेय. आणि तो म्हणतो, "शाब्बास!" रोज म्हणायचा. वर, सकाळच्या उलट्या थांबल्या तेव्हा त्याने त्याचं श्रेय तेलाला दिलं. मुलीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, बघा, मी म्हणत नव्हतो? फ्रिजवरच्या कागदावर तेलापुढे त्याने रेघ मारून लिहिलं होतं: टिकतं. तोरुनने तो कागद वाचला असेल. पाणी प्यायला उठली असेल आणि फ्रिजसमोर उभी राहून वाचला असेल. त्याला आधी लाज वाटली, मग संताप आला, तोरुनचाच. हसलात? उशी धरून हसलात? मला वेड्यात काढून? आणि मग तो संताप कुठे धरून ठेवावा तेच त्याला कळेना, कारण त्याला हेही आठवलं की त्या चार महिन्यांत तोरुन आतल्या खोलीतून हाक मारायची. "माग्नार, ये ना इकडे. नुसता बस जरा." आणि तो म्हणायचा, "आलोच, सूप लागेल खाली." ती गेली त्या दुपारीसुद्धा तो सफरचंदं सोलत होता. सुरी ठेवून आत जायला निघाला तेव्हा हात चिकट होते, म्हणून तो ते धुवायला आधी मोरीकडे गेला.

त्याने तेल बंद केलं, तुस्साचं. स्वतःचं बंद करायला धीर होईना. साठ-पासष्ट वर्षांची सवय. पण बाटलीच्या झाकणाचा आवाज झाला की ती घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायची आणि असा टाहो फोडायची की बघवत नसे. तेव्हा तो बाटली घेऊन न्हाणीघरात जायचा, दार लावायचा आणि झाकणाचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचा. तिसऱ्या दिवशी, नळ वाहत असताना, चमचा तोंडाजवळ नेता नेता त्याला आरशात आपण दिसलो. दाराआड लपलेला, नळ सोडून उभा असलेला म्हातारा. तोरुन नेमकी इथेच उभी राहायची. याच पाण्याच्या आवाजात. त्याने चमचा बेसिनमध्ये ओतला आणि पुढची दहा मिनिटं त्याला रडू आवरलं नाही. दाराबाहेर तुस्सा नखांनी लाकूड खरवडत होती.

डिसेंबरच्या मध्याला आठ आठवडे संपले. काट्यावर तीन किलो एकशे साठ आले. सुनिवाने दोनदा वजन केलं, मग टाळीच वाजवली.

"वाचली की हो ही! उलट्या?"

"अकरा दिवसांत एकही नाही."

"जुलाब?"

"बांधून होतंय."

"मग ससा लागू पडला म्हणायचा. मी म्हटलं नव्हतं?"

"ससा नाही," माग्नार म्हणाला, आणि त्याने तिला चमच्याचं सांगितलं. तो ओशाळून सांगत होता, पण सुनिवा खो खो हसत सुटली. "अहो, कमाल आहे! आता यापुढे प्रत्येकाला मी वेगळं विचारणार आहे, तेल देता का म्हणून. माझी आजी कुत्र्याला द्यायची." मग तिने डोळे पुसले. "मांजरंही काही कमी नाहीत बघा. सोसत नाही, तरी मागतात. आणि दुखलं तर सांगतील म्हणता? शेवटपर्यंत लपवतात."

"हो," तो म्हणाला. त्याला तिला विचारायचं होतं की लपवणाऱ्याचं कसं ओळखायचं. तिला शिकवलं असेल ते. पण बाहेर एक माणूस लंगडा कुत्रा घेऊन थांबला होता, आणि तो प्रश्न दोन वर्षं उशिराचा होता. सुनिवा म्हणाली, नीट राखलंत तर अजून सात-आठ वर्षं कुठे जात नाही ही. तो थँक्यू म्हणाला. खरंच, त्याला आनंद झाला होता. ट्राममध्ये तुस्सा पिंजऱ्यातून भुकेने ओरडत राहिली, चांगल्या धडधाकट जनावराची भूक, आणि लोक वळून बघत होते.

घरी त्याने तिला वाटा दिला आणि तो तिने संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून काळोखच होता, तो कॉफीसाठी दूध घ्यायला गेला आणि फ्रिजचं दार उघडताच ती आली. बाटली तिथे नव्हती, त्याने ती केव्हाच टाकली होती; पण तिला ते कोण सांगणार. तिने पुढचे पाय त्याच्या गुडघ्यावर टेकवले, मान वर केली आणि तोंड उघडून वाट पाहू लागली. आता सात-आठ वर्षं ती रोज मागणार होती आणि तो रोज नाही म्हणणार होता. त्याने फ्रिज लावून घेतला आणि गुडघे वाजत असतानाही खाली फरशीवर बसला.

"नाही," तो तिला म्हणाला. मग तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "नको घेऊस. खरंच नको घेऊस. मी काही म्हणणार नाही." आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. तुस्सा ओरडत होती, तिला चमचाच हवा होता. "मला राग नाही यायचा," तो म्हणाला, "नको घेऊस, तोरुन."